मुळात रंगवलेली की उघडीच? दक्षिण जर्मनीतली १५०० च्या सुमाराची लाकडी संतमूर्ती कशी तपासावी

तुम्ही पाहिलेली मूर्ती अशी आहे. म्युनिकमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातली संत बार्बरा, साधारण ८० सेंटीमीटर उंच, चिठ्ठीवर ‘श्वाबेन (दक्षिण जर्मनीतला प्रांत), लिंडन (लाकडाचं झाड), सुमारे १५००’. अंगावर रंगाचा ठिपकाही नाही, पाठ कोरून पोकळ केलेली, टाळूवर बुजवलेलं भोक आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा. वसईच्या चर्चमध्ये लहानपणापासून रंगवलेले संत बघितल्यामुळे ही तुम्हाला अर्धवट वाटली. हा दोष आहे का, मूर्ती खरी आहे का आणि पुढेमागे ती वसईच्या घरी नेता येईल का, असं तुम्ही विचारलंत.

पोकळ पाठ आणि टाळूवरचं भोक यांची काळजी सोडा. ते नसते तर मला जास्त शंका आली असती. खरा प्रश्न उघड्या लाकडाचा आहे. त्याला तीन कारणं असू शकतात. मूर्ती मुळात रंगवलेली होती आणि नंतर कुणीतरी खरवडली. किंवा ती मुळातच रंगाविना ठेवायची म्हणून कोरली. किंवा ती १९व्या शतकात जुन्या धाटणीने घडवलेली आहे. किंमत, डागडुजी, घरात कुठे ठेवायची, सगळं या एका उत्तरावर ठरतं. फोटोवरून ते उत्तर मी देणार नाही, कुणी देत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. पण स्वतः काय बघायचं आणि का, एवढं नक्की सांगता येईल.

आधी पाठीचं. लिंडनचं लाकूड मऊ आणि एकसारख्या पोताचं असतं. पटाशी कुठल्याही दिशेने चालवली तरी सहसा ढलपी उडत नाही, म्हणून श्वाबेन, फ्रांकेन, बव्हेरिया आणि वरच्या ऱ्हाइनकाठच्या मूर्तिकारांनी तेच पसंत केलं. पण सुकताना ते बरंच आकसतं. ओल्याचं पूर्ण कोरडं होईपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ९ टक्के, आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेने त्याच्या निम्म्याहून थोडंसं अधिक. दोन दिशांमधला हा फरक भरीव ओंडक्याला सोसत नाही, आणि तो सालीपासून गाभ्यापर्यंत उभा फाटतो. म्हणून ओंडका मागून कोरून गाभाच काढून टाकत. उरते ती काही सेंटीमीटर जाडीची कवची. ती थोडी उघडते, थोडी मिटते, पण फाटायचं तिला कारण राहत नाही. आल्तारच्या, म्हणजे चर्चच्या वेदीमागच्या मखराच्या, चौकटीत मूर्ती उभी राहिली की पाठ कुणाला दिसतच नसे.

डोकं मात्र बहुधा भरीव राहतं. तिथे मागून कोरायला गेलं तर केस आणि मानच हातची जाईल. त्यामुळे गाभा डोक्यातून गेलेला असेल तर सगळा ताण तिथे साठतो आणि तडा नेमका चेहऱ्यावर येतो. तुमच्या बार्बराचा तडा हनुवटीशी थांबत असेल तर तो या गणितात चपखल बसतो. त्याच्या आत डोकावून बघा. जुन्या तड्याच्या कडा बोथट आणि आतपर्यंत काळपट असतात, कधी आत जुनी लाकडी पाचर आणि सरसही सापडतो. कडा धारदार आणि आतलं लाकूड पिवळसर-पांढरं असेल तर तडा अलीकडचा, म्हणजे बहुधा हीटर लावलेल्या खोलीत गेलेला. तो अजून वाढत असू शकतो.

टाळूवरचं भोक कामाच्या पद्धतीतून येतं. ओंडका आडवा ठेवून दोन्ही टोकांना लोखंडी दांड्यांत पकडत, म्हणजे हवा तसा फिरवत कोरता येई. काम संपलं की वरचं भोक लाकडी खुंटी ठोकून बुजवत. तळाकडेही पकडीच्या खुणा असतात, त्यासाठी दुकानदाराला मूर्ती आडवी करायला सांगा. तळाला हातकरवतीचे सरळ, कमी-जास्त खोलीचे ओरखडे दिसले तर चांगलं. कंसासारख्या गोलाकार रेषा दिसल्या तर तो कट गोल करवतीचा, म्हणजे १९व्या शतकातला किंवा त्यानंतरचा. अर्थात फक्त तळ नंतर कापलेला असू शकतो. कीड लागलेला पाया कापून टाकणं ही फार जुनी खोड आहे. म्हणून पोकळीच्या आतल्या खुणाही बघा. तिथे रुंद गोल पटाशीचे आडवेतिडवे, घाईचे घाव असायला हवेत, आणि सगळीकडे सारखंच जुनं काळेपण. पोकळी गुळगुळीत तासलेली आणि एकसारख्या तपकिरी रंगाने माखलेली दिसली तर थबका.

वजनाचाही अंदाज घ्या. या मापाची पोकळ लिंडनची मूर्ती साधारण पाच-सहा किलोंच्या आसपास भरते. भरीव असली तर जवळजवळ दुप्पट. सगळ्याच खऱ्या मूर्ती पोकळ असतात असं मात्र नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ग्रेगोर एरहार्टची संत मग्दालेना आहे, सुमारे १५१५ ते १५२० ची, लिंडनचीच. ती चारही बाजूंनी पूर्ण कोरलेली आहे, कारण ती देवदूतांसह चर्चमध्ये अधांतरी टांगायची होती असं मानलं जातं. मूर्ती कुठून बघितली जाणार होती, यावर पाठ ठरते.

आता रंग. १५०० च्या आसपासची जर्मन संतमूर्ती साधारणपणे रंगवण्यासाठीच कोरलेली असते, हे गृहीत धरून सुरुवात करा. लाकूड हा फक्त पाया. त्यावर आधी पातळ सरस. सांधे आणि गाठी यांच्यावर लिननच्या पट्ट्या. मग सरसात कालवलेल्या खडूचे हातावर हात, वाळले की घासून तुळतुळीत केलेले. हा थर मिलिमीटरभर जाड होऊ शकतो. सोनं द्यायच्या जागी लाल मातीचा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख, अकीकाने घोटलेला. झग्याच्या आतल्या बाजूला बहुधा अ‍ॅझुराइट या खनिजाचा निळा. काही ठिकाणी चांदीच्या वर्खावर लाल पारदर्शक लाख. चेहऱ्याला सफेदा आणि हिंगूळ. ही सगळी घडण जागच्या जागी बघायची तर उल्मजवळ ब्लाउबॉयरेनच्या मठातला १४९३-९४ चा आल्तार बघा, किंवा ऑस्ट्रियात सांक्ट वोल्फगांगला मूर्तिकार मिखाएल पाखरचा. म्युनिकहून दोन्ही एका दिवसात होतात.

रंगकाम किती मोलाचं होतं हे म्युनरश्टाट या गावच्या आल्तारवरून कळतं. वुर्त्सबुर्गचा टिलमन रीमेनश्नायडर याने १४९० च्या करारानुसार तो कोरला, आणि त्याला मिळाले १४५ गुल्डन (तेव्हाचं सोन्याचं नाणं). त्याने मूर्ती रंगाविनाच ठेवल्या. गावकऱ्यांना ते फार दिवस रुचलं नसावं, कारण १५०४-०५ मध्ये फाइट श्टोसला बोलावून सगळा आल्तार रंगवून घेतला, आणि बाहेरच्या पंखांवरच्या, म्हणजे दारासारख्या मिटणाऱ्या फळ्यांवरच्या, चार चित्रांसह त्याला २२० गुल्डन दिले. हा श्टोस स्वतः नावाजलेला मूर्तिकार. खोट्या दस्तऐवजाच्या गुन्ह्यात न्युर्नबर्गने त्याच्या दोन्ही गालांना डाग दिले होते, आणि तिथून पळून तो म्युनरश्टाटला आलेला होता. कोरणाऱ्यापेक्षा रंगवणाऱ्याला जास्त, हे त्या काळाला धरूनच होतं. याच आल्तारची मधली मूर्ती, देवदूतांनी उचललेली मग्दालेना, आज तुमच्या म्युनिकच्या बायरिशेस नॅशनल म्युझियममध्ये आहे. दुकानात पुन्हा जाण्याआधी तिच्यासमोर अर्धा तास उभ्या राहा, असा माझा आग्रह आहे.

काय बघाल? तिचं अंग दाट कुरळ्या केसांनी झाकलेलं आहे. चेहरा, छाती, हात आणि गुडघे तेवढे मोकळे. केसांचा प्रत्येक झुपका वेगळा कोरून टोकाला वळवलेला आहे. पापण्यांच्या कडा, गळ्याच्या शिरा, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या, सगळं लाकडातच संपवलेलं. खडूचा मिलिमीटरभर थर चढणार असता तर एवढी नजाकत कुणी वाया घालवली नसती. रंगाविना ठेवायच्या मूर्तीची ही पहिली खूण. दुसरी म्हणजे वस्त्रांच्या काठांवर ठशांनी ठोकलेली बारीक नक्षी, कारण तिथे सोनं चकाकणार नाही, उजेड-सावलीवरच भागवायचं आहे. तिसरी म्हणजे बुबुळांना काळा आणि ओठांना लाल असा नुसता स्पर्श, आणि बाकी अंगावर लाकूड दिसू देणारा पातळ तपकिरी लेप. म्हणजे ‘उघडं’ हे कच्चं लाकूड नव्हतंच. आणि एक गुंता लक्षात ठेवा. या मग्दालेनेवरचा श्टोसचा रंग पुढे उतरवला गेला. आज दिसतं ते रीमेनश्नायडरच्या मनातल्यासारखं आहे, पण पृष्ठभाग हात न लागलेला नाही.

रंगवण्यासाठी कोरलेल्या मूर्तीचं लाकूड याच्या उलट बोलतं. काठ साधे सोडलेले, कारण त्यावर सोनं आणि नक्षी येणार होती. केस मोठ्या लाटांत. गाठीच्या जागी वेगळ्या लाकडाची ठिगळं, सांधे उघडउघड, कारण लिनन आणि खडू सगळं झाकणार होते. अशी मूर्ती आज नुसत्या लाकडात दिसली की ती खरवडलेली आहे, एवढंच. १९व्या शतकात संग्राहकांना ‘प्रामाणिक’ लाकूड आवडू लागलं, आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने असंख्य संत धुतले आणि धारेच्या पत्र्याने खरवडले गेले. त्या हौसेने जेवढं नुकसान केलं तेवढं किडीने केलं नसेल, हे माझं ठाम मत. तुमच्याकडे वसई-गोव्यात उलटं घडलं. तिथल्या पोर्तुगीज काळातल्या मूर्ती पूजेत राहिल्या, म्हणून फिकुटल्या की त्यांच्यावर नवा रंग चढत गेला. इकडे जर्मनीत १८०३ मध्ये मठ बरखास्त झाले, मूर्ती बाजारात आल्या आणि रंग उतरत गेला.

खरवडलेपण ओळखायला टॉर्च आणि दहापट भिंग पुरतं. टॉर्च समोरून मारू नका, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. मग जिथे पत्रा आणि ब्रश पोचत नाही तिथे शोधा: नाकपुड्या, कानामागची खोबण, केसांच्या वळशांचा तळ, बोटांमधल्या फटी, चुणीचा सर्वांत खोल कोपरा. तिथे पांढरा खडू, लाल मातीचा पुसट ठसा, निळ्याचे दाणे किंवा लिननचा एखादा धागा अडकलेला असेल तर उत्तर मिळालं. कॉस्टिकने धुतलेलं लाकूड राखाडी आणि तुसासारखं तंतू सुटलेलं दिसतं. वर मेण चोळलं असेल तर तळवा फिरवल्यावरच खरखर कळते. आणि कृपा करून ओल्या बोटाने पुसून बघू नका. अ‍ॅझुराइट बहुधा सरसात लावलेला असतो, तो पाण्याने सुटतो. नेमका तोच तुमचा पुरावा.

एवढ्यात तुमच्याकडे दोन गोष्टी असतील: मूर्ती पोकळ आणि जुन्या पद्धतीने कोरलेली आहे का, आणि रंग होता का. पण १९व्या शतकातल्या कारागिरांनाही हे सगळं येत होतं. म्युनिक, ओबरआमरगाउ आणि दक्षिण टिरोलची ग्र्योडन दरी इथून त्या काळात गॉथिक, म्हणजे उत्तर मध्ययुगाच्या, धाटणीचे संत ढिगाने बाहेर पडले. ते फसवण्यासाठी नव्हते, नव्या चर्चसाठी होते. फसवणूक पुढच्या विक्रेत्याची. ग्र्योडनकडचं काम बरेचदा त्सिर्बे या आल्प्समधल्या पाइनचं असतं, ते वासावरून आणि लालसर गाठींवरून ओळखू येतं. चेहराही बघा. नव-गॉथिक चेहरा गोड आणि दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा असतो. १५०० च्या बार्बराचा एक डोळा थोडा खाली असेल, तोंड किंचित एका अंगाला असेल, कारण ती खालून आणि एका बाजूने बघितली जाणार हे मूर्तिकाराला ठाऊक होतं. तुम्हीही तिला उंच टेबलावर ठेवायला लावून खालून बघा. मान लांबट आणि कपाळ मोठं वाटत असेल ते बहुधा तिथून जागेवर येतं.

किडीच्या भोकांना लोक वयाचा दाखला समजतात. ती दाखला नाहीत. दिशा मात्र बोलते. भुंगा लाकडातून बाहेर पडताना पृष्ठभागाला दीड-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडतो. अळीने आत खणलेली लांब नळी पृष्ठभागावर उघडी पडलेली दिसली, म्हणजे कीड लागून गेल्यावर तिथलं लाकूड काढलं गेलंय. दोन-चार ठिकाणी असेल तर खरवडताना गेलं असावं. चेहऱ्यावर, वस्त्रावर, सगळीकडे अशा उघड्या नळ्या असतील तर जुनं किडकं लाकूड घेऊन नवी मूर्ती कोरल्याची दाट शक्यता. कीड जिवंत आहे का, हे बघायला मूर्ती काळ्या कागदावर महिनाभर ठेवतात. एप्रिल ते ऑगस्टमध्ये ताजा फिकट भुसा पडला तर आहे. तेव्हा भोकांत रॉकेल किंवा वाळवीचं औषध सोडू नका, त्याचे डाग उरलेल्या रंगाखाली शिरतात आणि मग निघत नाहीत. संग्रहालयांत वस्तू हवाबंद आवरणात ठेवून आत नायट्रोजन भरतात आणि ऑक्सिजन एक टक्क्याच्या खाली आणून काही आठवडे तसाच ठेवतात. म्युनिकमध्ये हे पैसे देऊन करून मिळतं.

ती बार्बरा आहे हे कशावरून, हेही विचारा. हातात प्याला आहे म्हणून? हात वेगळ्या लाकडात कोरून खुंटीने बसवलेले असत, आणि सर्वांत आधी तेच गळतात. डागडुजी करणाऱ्याने मग त्याला माहीत असलेल्या संताचं चिन्ह हातात दिलं. मनगटावर सांधा दिसतो का, हाताच्या लाकडाचा रंग आणि रेषा बाहीशी जुळतात का, ते बघा. पायाशी त्याच ओंडक्यातून कोरलेला मनोरा असेल तर ती बार्बरा. तोडलेल्या चाकाचा तुकडा निघाला तर कॅथरीन, ड्रॅगनची शेपटी निघाली तर मार्गारेट. नाव बदललं तर मूर्ती खोटी ठरत नाही, पण हात नवा असेल तर किंमत उतरवून मागा.

प्रयोगशाळेकडून फार अपेक्षा ठेवू नका. ओकच्या मूर्तीचं वय वलयं मोजून काढता येतं. लिंडनची वलयं अस्पष्ट, तिथे हे क्वचितच जमतं. कार्बनची चाचणी या काळासाठी एक-दीड शतकाचा पल्ला देते, आणि तोही झाडाचा, पटाशीचा नाही. रंगाच्या कणाची तपासणी जास्त उपयोगी. थेट खडूवरच्या पहिल्या थरात झिंकचा पांढरा निघाला तर तो रंग १८व्या शतकाच्या अखेरच्या आधीचा नाही, टायटॅनियमचा निघाला तर २०व्या शतकातला. दुकानदार ‘कारखान्याचा शिक्का नाही’ म्हणून किंमत पाडत किंवा चढवत असेल तर लक्ष देऊ नका. अँटवर्पचा हात किंवा ब्रुसेल्सची मोगरी असे शिक्के ब्राबांतच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) कामावर मिळतात, श्वाबेनच्या मूर्तीवर ते नसतातच.

आता वसई. हिवाळ्यात हीटर लावलेल्या म्युनिकच्या घरात हवेतली सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांपर्यंत उतरते आणि लाकडात सुमारे ६ टक्के पाणी उरतं. वसईच्या पावसाळ्यात तेच १६ टक्क्यांच्या वर जाईल. लिंडन दर टक्क्याला वलयांच्या दिशेने साधारण ०.३ टक्के हलतं, म्हणजे २५ सेंटीमीटर रुंदीत साधारण साडेसात मिलिमीटर फरक. खडूचा थर तेवढा ताणला जात नाही, तो सुटून पडतो. म्हणून पूर्ण खरवडलेली मूर्ती हा प्रवास निभावेल, पण चुण्यांत मूळ रंग शिल्लक असलेली मूर्ती मी तिकडे नेऊ देणार नाही, निदान वर्षभर ४५ ते ६० टक्के आर्द्रता राखणारी बंद काचपेटी असल्याशिवाय. फक्त रात्रीपुरता एसी लावणं त्याहून वाईट, कारण लाकूड रोज वर-खाली होत राहतं.

परवान्याचंही आधीच बघा. युरोपीय संघाबाहेर नेताना ५० वर्षांहून जुन्या शिल्पाला ५०,००० युरोंच्या वरच्या किमतीलाच निर्यात परवाना लागतो, म्हणून दुकानदार ‘काही लागत नाही’ म्हणेल. पण धार्मिक वास्तूचा सुटा झालेला, १०० वर्षांहून जुना भाग कितीही स्वस्त असला तरी परवान्याच्या कक्षेत येतो, आणि आल्तारमधली मूर्ती तशी धरली जाऊ शकते. तेव्हा पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: मूर्ती त्याच्याकडे कुठून आली, डागडुजीत काय बदललं आणि परवान्याची जबाबदारी कोणाची. खेड्यांतल्या छोट्या चॅपलमधून असे संत चोरीला जातात, म्हणून इंटरपोलच्या आयडी-आर्ट या मोफत अ‍ॅपमध्ये तिचा फोटो टाकून शोधून बघा. आणि पुढच्या वेळी पाठीचा, तळाचा आणि उजव्या मनगटाचा तिरप्या उजेडातला फोटो काढता आला तर इथे टाका.